पान उलटून बघ

मराठीत 'करपा' हा शब्द फारच ढिला आहे. भाताला करपा येतो, कांद्याला येतो, केळीला येतो. तव्यावर भाकरी करपते तसं पान करपलेलं दिसलं, की झाला करपा. तो कशामुळे आला, त्याला ऊन आवडतं की पाणी, तो दोन दिवसांत प्लॉट संपवणार की दोन महिने रेंगाळणार, यातलं काहीही त्या शब्दात नसतं.

टोमॅटो आणि बटाट्याला तर दोन-दोन करपे. शेतीच्या पुस्तिकांमध्ये त्यांना 'लवकर येणारा' आणि 'उशिरा येणारा' म्हणतात. ही नावं इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली आहेत आणि ती थंड देशांतल्या हंगामाला धरून पडलेली आहेत. जुन्नर तालुक्यात ते वेळापत्रक कोणी पाळत नाही. लागवडीला जेमतेम पंचवीस दिवस झालेल्या रोपांवर 'उशिरा येणारा' करपा आलेला मी स्वतः पाहिला आहे. म्हणून गावात कोणी ते लांबलचक नाव घेत नाही. लेट ब्लाईट म्हणतात, आणि घाईत असले की नुसतं 'लेट'. ''तात्यांच्या प्लॉटला लेट आलाय,'' हे वाक्य मी एकदा ऑफिसच्या पँट्रीत फोनवर बोलले, तर मागे उभ्या असलेल्या टीम लीडला वाटलं आमचं रिलीज लांबलं.

मी हिंजवडीत बसून पेमेंट सिस्टिमचा बॅकएंड लिहिते. शेती दादा, वहिनी आणि आई बघतात. माझा वाटा म्हणजे फोनवरून मतं देणं, आणि महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी जाऊन ती मतं चिखलात तपासून बघणं. या रोगाचा मी जो थोडाफार अभ्यास केला तो एका हंगामामुळे.

२०२३ चा टोमॅटो तुम्हाला आठवत असेल, शेतीशी संबंध नसला तरी. जुलैमध्ये शहरात किलोला शंभर-दीडशे रुपये मोजावे लागत होते. मीम्स फिरत होते. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपये मिळाल्याच्या बातम्या आल्या आणि ज्याच्या विहिरीला पाणी होतं त्याने रोपं आणली. पुढचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. लोकांनी ड्रिपवर प्लॉट जगवले. सप्टेंबरात सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला, भाव धाडकन पडला, आणि नेमका तेव्हाच पाऊस परतला.

आमचा वीस गुंठ्यांचा प्लॉट जुलैअखेरचा होता. बांधणी झालेली, दुसऱ्या तारेपर्यंत झाडं गेलेली, खालच्या घडांत लिंबाएवढी फळं. पश्चिमेच्या बांधापलीकडे तात्यांचा प्लॉट, म्हणजे आमच्या चुलत्यांचा. त्यांची लागवड आधीची. पहिले दोन-तीन तोडे त्यांना बरे गेले, मग तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही निघेना. त्यांनी तोडा थांबवला. तोडा थांबवला की फवारणी थांबते, आणि फवारणी थांबली की कोणी त्या वावरात पाऊलही टाकत नाही. झाडं तशीच उभी, लाल टोमॅटो तसेच लटकलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय पीक आलंय.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दादाने तीन फोटो पाठवले. पानाच्या टोकाला काळपट डाग, कडा पाण्यात भिजल्यासारखी. खाली त्याचा मेसेज: ''अॅप अर्ली ब्लाईट म्हणतंय. दुकानवाला म्हणतोय दोन्हीचं एकत्र मारून टाका.''

मी लिहिलं, ''पान उलटून बघ. आणि आत्ता नको, उद्या पहाटे.''

हे मला सुचलं त्याला कारण होतं. त्याच्या काही महिने आधी आमच्या ऑफिसातल्या दोघांना पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल करायचं होतं आणि शेतकऱ्याच्या घरची म्हणून त्यांनी मला धरलं होतं. त्या निमित्ताने मी या विषयातला गाजलेला पेपर वाचला. २०१६ चा. ५४ हजारांहून जास्त फोटो, १४ पिकं, २६ रोग, आणि मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के. आकडा वाचून लॅपटॉप मिटावासा वाटतो, प्रश्न सुटला म्हणून. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून गोळा केलेले फोटो त्याच मॉडेलला दिले, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. मूळ फोटोंमधली पानं खुडून, एकेक करून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. नंतर कोणीतरी गंमत म्हणून पान पूर्ण वगळून फक्त पार्श्वभूमीचे आठ पिक्सेल मॉडेलला शिकवले, तर तेवढ्यावरही ते जवळपास निम्म्या वेळा बरोबर उत्तर देत होतं. म्हणजे मॉडेल काही अंशी रोग नव्हे, टेबल ओळखत होतं.

पण मला त्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच वाटते. अगदी शंभर टक्के अचूक अॅप असलं तरी ते डाग दिसल्यावर बोलणार. लेट ब्लाईटचा डाग दिसतो तेव्हा लागण होऊन तीन ते पाच दिवस, थंडी असेल तर त्याहून जास्त, उलटून गेलेले असतात. आपण ज्याला सुरुवात म्हणतो ती त्याची पहिली पिढी संपत आलेली असते.

तर पहाट. दोन्ही करप्यांमधला फरक पुस्तकात सोपा असतो. लवकर येणाऱ्याचे डाग तपकिरी, कोरडे, त्यांत एकात एक वर्तुळं, कॅरमच्या बोर्डावरच्या मधल्या गोलासारखी. भोवती पिवळी कडा. तो सहसा खालच्या, जुन्या पानांपासून चढत जातो आणि चढायला वेळ घेतो. उशिरा येणाऱ्याला असा आकारच नसतो. टोकापासून किंवा कडेपासून गडद हिरवट-काळा, तेलकट दिसणारा डाग पसरतो. पानाच्या शिरा त्याला अडवत नाहीत. खोडावर आणि देठावर काळपट-तपकिरी चट्टे येतात. फळावर तपकिरी, खडबडीत, तेलकट डाग, आणि फळ दाबलं तर मऊ नाही, घट्टच लागतं. पण सुरुवातीचा डाग, तीन-चार मिलिमीटरचा, दोन्हींचा सारखाच दिसू शकतो. खात्रीची खूण पानाच्या पाठीमागे असते: डागाच्या कडेला, जिथे काळा भाग संपून हिरवा सुरू होतो तिथे, पांढरी विरळ लव. पिठासारखी नाही, श्वास सोडल्यावर आरशावर येते तितकी पातळ. दमट हवेत रात्रीतून ती उगवते आणि ऊन तापलं की जाते. दुपारी अकरानंतर पान उलटलं तर काहीही दिसणार नाही.

दादाने सकाळी सहाला पान उलटलं. त्याला लव दिसली असं वाटत होतं, खात्री नव्हती. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर काहीच येईना. मग दुसरा उपाय केला, जो घरात कोणालाही करता येतो. संशयाची पाच-सहा पानं खुडली, मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, तळाशी ओला टिश्यू पेपर, त्यावर पानं पालथी, झाकण लावून डबा रात्रभर सावलीत. वहिनीने तो फडताळात ठेवला आणि झाकणावर 'खाऊ नये' असं लिहिलं, कारण घरात सात वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तेव्हा डागांच्या कडेने पांढरी किनार उठली होती. यासाठी कुठलंही मॉडेल लागलं नाही. मात्र एक रात्र लागली, आणि या रोगात एक रात्रही महाग असते.

ही लव म्हणजे बुरशी नाही, आणि हा मुद्दा फक्त वर्गात शिकवायचा नाही, त्याच्यावर पैसे जातात. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हे त्या जिवाचं नाव. फायटोप्थोरा म्हणजे वनस्पतींचा विध्वंसक, हे नाव १८७६ मध्ये अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. दिसायला बुरशी, वागायला बुरशी, पण नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, याच्या पेशीभित्तीत मुख्यतः सेल्युलोज आणि तशीच इतर द्रव्यं. लवेवर लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या येतात, वाऱ्यावर उडतात. पानावर पाण्याचा थर असेल आणि हवा थंड, बारा-पंधरा अंशांच्या आसपास असेल, तर एकेका पिशवीतून अनेक बीजाणू बाहेर पडतात आणि ते पोहतात. अक्षरशः, दोन शेपट्या हलवत, पानावरच्या दवात. हवा थोडी उबदार असेल तर पिशवी स्वतःच रुजते. दोन्हीकडून त्याचं जमतं, फक्त पान ओलं पाहिजे.

आता दुकानात जा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सगळ्या बाटल्यांना एकच नाव आहे: बुरशीनाशक. कार्बेन्डाझिम हे आपल्याकडे घरोघरी असलेलं औषध या जिवावर चालत नाही. हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोलसारखी ट्रायझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीत एर्गोस्टेरॉल तयार होण्याची प्रक्रिया अडवतात. फायटोप्थोरा ते बनवतच नाही, तर अडवणार काय? ज्या फंक्शनला प्रोग्रॅम कधी कॉलच करत नाही ते कितीही मोडून ठेवलं तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. दुकानवाल्याने 'दोन्हीचं एकत्र' म्हणून जे दोन पुडे दिले होते त्यातला एक असा होता. दादाने तो परत केला. दुकानदाराने कुरकुर न करता घेतला हे सांगायला हवं. त्याच्यासमोर दिवसाला पन्नास माणसं येतात, प्रत्येकाच्या हातात एक कोमेजलेलं पान, आणि निम्म्यांची उधारी.

जी चालतात त्यांचे ढोबळ दोन प्रकार. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पानाच्या पृष्ठभागावर बसतं आणि बीजाणू रुजू देत नाही. आत शिरलेल्याला ते काही करू शकत नाही आणि नवीन फुटलेल्या पानावर ते नसतंच. दुसरी आत शिरणारी: सायमोक्झॅनिल, डायमेथोमॉर्फ, मेटॅलॅक्सिल वगैरे. सायमोक्झॅनिलने एक-दोन दिवसांपूर्वीची लागण मागे रेटता येते, त्यापुढची नाही. मेटॅलॅक्सिल १९७० च्या दशकाच्या शेवटी आलं तेव्हा जादू वाटली होती. १९८० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये त्याला दाद न देणारे वाण सापडले. २००९-१० मध्ये दक्षिण भारतात टोमॅटोचे प्लॉटच्या प्लॉट गेले, तेव्हा तपासात युरोपात आधी पसरलेला '१३_ए२' नावाचा वंश मिळाला, आणि तो मेटॅलॅक्सिलला जुमानत नव्हता. म्हणून एकच औषध पुन्हा पुन्हा मारायचं नाही, गट बदलायचा. बाटलीवरची कंपनी बदलली म्हणजे गट बदलला असं नाही, आतला घटक वाचावा लागतो. आणि लेबलवर लिहिलेला, फवारणी आणि तोडा यांमधला किमान दिवसांचा हिशेब पाळावा लागतो. टोमॅटोचा तोडा तीन-चार दिवसांवर येतो, त्यामुळे हा हिशेब सर्वांत जास्त तिथेच मोडतो. हे टोमॅटो शेवटी माझ्याच सोसायटीच्या खालच्या दुकानात येतात.

एवढ्या वेगाने हा जीव बदलतो कसा, याचं एक उत्तर त्याच्या जिनोममध्ये आहे. २००९ मध्ये तो पूर्ण वाचला गेला: सुमारे २४ कोटी अक्षरं, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश निव्वळ पुनरावृत्ती. रोजच्या कामाची जनुकं दाट वस्तीत, फारशी न बदलणारी. झाडाच्या प्रतिकाराला चकवणारी जनुकं मात्र या पुनरावृत्तीच्या माळरानावर विखुरलेली, आणि ती भराभर बदलतात. कोड रिव्ह्यूमध्ये आम्ही असंच काहीतरी मागत असतो: कोअरला हात लावू नका, प्लगिनमध्ये काय ते प्रयोग करा. कोट्यवधी बटाटे खाऊन कोणीतरी ते आधीच अंगवळणी पाडून घेतलंय.

कोट्यवधी बटाटे म्हटल्यावर आयर्लंड आलंच. १८४५ मध्ये तिथे हा रोग पोहोचला, तेव्हा गरिबांचं जवळजवळ सगळं पोट एका बटाट्यावर होतं, आणि तोही बहुतांशी लम्पर नावाचा एकच वाण. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. रोगाबरोबर सरकारी धोरणांनीही ती माणसं मारली; त्याच काळात तिथून धान्य बाहेर जातच होतं. मला त्यातला एक छोटा तपशील पुन्हा पुन्हा आठवतो. माइल्स बर्कली नावाचा एक पाद्री सूक्ष्मदर्शकातून बघून १८४६ मध्ये सांगत होता, की पानाच्या पाठीमागची ही लव हेच रोगाचं कारण आहे. जॉन लिंडलेसारखे नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत होते, की पावसाने बटाटा कुजला आणि लव त्याच्यावर नंतर आली. दोघांकडे पान तेच होतं. आणि पाऊस तर दोघांच्याही गोष्टीत होता.

औषधाला आणखी चाळीस वर्षं लागली. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खायचे, म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण शिंपडायचे, दिसायला विषारी. मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की त्याच वेली केवड्यापासून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आमच्या आजोबांच्या द्राक्षबागेत ते प्लास्टिकच्या पिंपात व्हायचं आणि जमलं की नाही हे बघायला त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबडी छटा आली तर चुना कमी, अजून घाला. भारतात हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरीच्या बटाट्यावर आला, असं पुस्तकांत असतं. म्हणजे तो काही आमच्या बांधावर कालपरवा आलेला नाही.

बांधावरून आठवलं: तात्या.

डबा उघडला त्या सकाळी मी सुट्टी टाकून गावी गेले. आमच्या प्लॉटमध्ये पश्चिमेकडच्या आठ सरींत डाग होते, पूर्वेला जवळजवळ नाहीत. बांध ओलांडून तात्यांच्या वावरात दोन पावलं टाकली तरी वास येत होता, कुजक्या भाजीचा. खोडं काळी पडलेली. पलटायला पान शोधावं लागलं नाही. वारा पश्चिमेचा. आमच्याकडे दर सात दिवसांनी कितीही महागाचं औषध मारलं असतं, तरी पलीकडून रोज सकाळी दव उडताना नवीन माल येतच राहणार होता.

तो प्लॉट उपटायला हवा होता. हे तात्यांना सांगायचं कोणी? दादा म्हणाला, ''तू सांग, तू शिकलेली.'' आई म्हणाली, ''शिकलेलीचं काय काम, मी जाते.'' आणि आम्ही तिघंही गेलो.

तात्या पडवीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी मोबाइलवर डब्यातल्या पानाचा फोटो दाखवला, तो त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. मग म्हणाले, ''पोरी, रोग हाये ते मला दिसतंय. पन आठ दिवसांनी भाव आला तर?''

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलैत दोन हजारांचा क्रेट पाहिलेल्या माणसाला भाव येणारच नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार? रोपं, मल्चिंग, बांबू, तार, खतं, सगळं उधारीत घातलं होतं. उभं झाड म्हणजे अजून हिशेब बंद न झालेला खातेवहीचा रकाना. उपटलं की तोट्यावर सही. शिवाय उपटायला मजूर लागणार, म्हणजे बुडालेल्या पिकावर अजून पैसे घालायचे, आणि तेही पुतण्याचं पीक वाचावं म्हणून. आमच्या दोन घरांत विहिरीच्या पाण्यावरून आधीच एक जुनं दुखणं आहे, ते इथे उगाळत नाही.

आई म्हणाली, ''भाऊजी, हिरवी निरोगी फळं तुम्ही आधी तोडून घ्या. जी विकतील ती विका. उपटायला आम्ही येतो, मजूर लावू नका. तार-बांबू सोडवून, बांधून तुमच्या शेडला आणून टाकतो.''

तार-बांबूंनी काम केलं असावं. बांबू पुढच्या वर्षी लागतात आणि ते नीट सोडवायचे तर वेळ लागतो.

दोन दिवस आम्ही पाच माणसं त्या वावरात होतो. सकाळी दव असताना झाडांना हात लावायचा नाही, ओल्या झाडांतून फिरलं की कपड्यांवरून, हातांवरून तेच पुढे जातं, म्हणून दहा-अकरापर्यंत थांबायचं. उपटलेली झाडं ओढ्यात किंवा बांधावर टाकायची गावची पद्धत आहे; तसं केलं तर ढिगावर आणखी काही दिवस लव येत राहते. आम्ही वावराच्या कोपऱ्यात खड्डा काढून झाडं गाडली, उरलेली जुन्या मल्चिंग पेपरखाली झाकली. हा जीव जगायला जिवंत पेशी मागतो, झाड मेलं आणि वाळलं की सहसा त्याचंही संपतं. आमच्या आठ सरींमधली खोडाला डाग असलेली झाडंही काढली. मग फवारणी, पानाच्या खालून लागेल अशी, नोझल वर करून. त्यानंतर तीन दिवस ऊन पडलं. त्या उन्हाने किती वाचवलं आणि आम्ही किती, हे वेगळं काढता येत नाही. प्लॉट उभा राहिला. तोड्याचा खर्च निघून थोडं वर उरलं, फार नाही. आठवड्याभरात भाव काही आला नाही, त्यामुळे तात्यांशी बोलणं चालू राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात मी प्लॉटमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारा छोटा सेन्सर लावला. कोड लिहायला एक संध्याकाळ पुरली, नियम ठरवायला हंगाम गेला. ब्रिटनमध्ये यासाठी हटन निकष वापरतात, २०१७ पासून: सलग दोन दिवस किमान तापमान दहा अंशांच्या खाली नको, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता नव्वद टक्के किंवा जास्त. तो इकडे लावण्याआधी मागच्या पावसाळ्याच्या हवामानावर चालवून पाहिला. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज धोका! बरोबरच आहे, आमच्याकडे पावसाळ्यात किमान तापमान वीसच्या आसपास असतं आणि रात्रभर हवा ओलीच. रोज वाजणारा अलार्म दादा चौथ्या दिवशी म्यूट करणार. उत्तर भारतातल्या बटाट्यासाठी सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने आपली वेगळी प्रणाली केली, ती याचसाठी.

आईला विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, ''दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नाहीत, की मी दादाला पंप धुवून ठेवायला सांगते.'' हे ऐकून हसू नका. रात्री ओल रोजच असते, आमच्याकडे फरक पडतो तो दिवसा: सकाळी दहानंतर पान सुकलं की नाही, मधे चार-पाच तास ऊन आलं की नाही. मी आता सूर्योदयानंतरच्या ओल्या तासांची गणती करते. दोन दिवस सलग जास्त भरले तर मेसेज जातो, आमच्या आणि आजूबाजूच्या सहा प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर. त्यावर स्पर्शजन्य फवारणी करायची, डाग दिसायची वाट न बघता. मेसेज नसेल तर कॅलेंडर बघून फवारायचं नाही. पहिल्या हंगामात दादाच्या फवारण्या चारने कमी झाल्या. एका गावाचा एका हंगामाचा आकडा आहे, त्यावरून मी कोणाला पेपर लिहून देणार नाही.

त्या ग्रुपमध्ये आई परस्पर आपल्या बहिणीलाही घेऊन आली. मावशी आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर राहते, तिथे पावसाच्या पाण्यावर खरिपाचा बटाटा होतो. तिचा प्लॉट आमच्यापासून लांब, त्यामुळे आमचे मेसेज तिच्या उपयोगाचे नाहीत. पण ऑगस्टअखेरीला तिनेच पानाच्या पाठीचा फोटो टाकला, पहाटेचा, पांढरी किनार स्पष्ट. तोपर्यंत निम्म्याहून जास्त पाला गेला होता.

बटाट्यात पाल्याचं दुखणं पाल्यापुरतं राहत नाही. पावसाने बीजाणू पानावरून खाली धुतले जातात, मातीच्या भेगांतून कंदापर्यंत जातात. भर नीट, उंच घातलेली असेल तर कंद बराच वाचतो. नाहीतर सालीखाली तांबूस तपकिरी, दाणेदार डाग पडतो आणि पोत्यात भरल्यावर त्यावर दुसरी सड चढून शेजारचे बटाटेही जातात. अशा वेळी उरलेला हिरवा पाला कापून शेताबाहेर काढायचा आणि दहा-पंधरा दिवस थांबून, साल पक्की झाल्यावर काढणी करायची. कंद अजून फुगत असतात. पाला कापला की ते फुगणं तिथेच थांबतं. मावशीने मला फोन केला, मी जे वाचलं होतं ते सांगितलं, आणि निर्णय तिने घेतला. विळे घेऊन दोघी बायका बरोबर आल्या, एका दिवसात पाला कापला.

काढणीला मी गेले होते. माल नेहमीपेक्षा बारीक होता. मावशीने पोती शिवायच्या आधी प्रत्येकातून एक मधला बटाटा काढायचा, पाण्यात धुवायचा आणि उभा कापायचा असं ठरवलं होतं. मंचरला व्यापाऱ्यासमोर कापला जाण्याआधी आपणच कापलेला बरा, म्हणाली. पहिल्या पोत्यातला आतून पिवळसर, स्वच्छ. दुसऱ्यातलाही. तिसऱ्यातल्याला सालीखाली नखाएवढा तांबूस डाग होता. तिने ते पोतं खळ्यात उलटं केलं, पदर खोचला आणि आम्ही दोघी खाली बसून एकेक बटाटा निवडायला लागलो.